प्राचार्यबाईंचं भाग्य

हळद शिजायला लागली की तिचा वास नाकाला नंतर कळतो, आधी घशाला कळतो. कडवट, उबदार, ओल्या मातीतून नुकत्याच उपसलेल्या मुळासारखा. माघात आमच्या साखऱ्याच्या शिवारात चारी अंगांनी वाफा उठतात. ट्रॅक्टरच्या मागं लोखंडी टाक्या जोडलेल्या असतात, त्यांच्या तोंडातून पांढरे लोट निघतात आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात ते लोट पिवळसर दिसतात. दरसाल मला तो वास आवडायचा. यंदा तो वास सुटला होता आणि माझ्या अंगणात माझी बायको भुईवर निजवलेली होती. बाया तिच्या कपाळाला, गालांना, पावलांना हळद लावत होत्या. शिवारातला ओल्या हळदीचा वास आणि ताटातल्या कोरड्या पुडीचा वास एकाच वाऱ्यावर येत होता, आणि मी भिंतीला टेकून दोन्ही श्वासात घेत होतो.

एक म्हातारी म्हणाली, "लई भाग्याची गं. कुंकवासकट गेली."

दुसरी म्हणाली, "तर काय. नवऱ्याच्या आधी जायाला पुण्याई लागती. तिच्या कपाळाचं कुंकू मला लाव माय, माझं बी तसंच होऊ दे."

मला वाटलं उठावं आणि ते ताट लाथेनं उडवावं. पाय उठले नाहीत, म्हणून ताट वाचलं.

काहून राग आला, ते तुम्हाला सांगतो. जी बाई तिथं निजली होती ती डॉक्टर वत्सला, आमच्या तालुक्याच्या कला महाविद्यालयाची प्राचार्य. तिनं ग्रंथ लिहिले, पुण्यामुंबईचे विद्वान तिला पत्रं धाडून शंका विचारायचे. आणि तिच्या अख्ख्या आयुष्याचं भाग्य कशात, तर चौथीत शाळा सोडलेला एक म्हातारा तिच्यानंतर श्वास घेऊन राहिला यात. म्हणजे माझ्या छातीची धडधड हे तिचं कर्तृत्व. मी आधी मेलो असतो तर ती अभागी, तिचे ग्रंथ अभागी, तिनं शिकवलेल्या पोरी अभागी. हा कुठला न्याय?

लोक आणखी एक बोलतात. "तात्या, तुमी शिकू दिलं म्हणून बाई एवढ्या मोठ्या झाल्या." दिलं म्हणजे काय? विद्या माझ्या कणगीत भरून ठेवली होती काय, की मी झाकण काढून दोन पायली तिच्या पदरात ओतली? ती मॅट्रिक होऊन माझ्या घरी आली आणि पुढं शिकत गेली. सकाळी मी तिला सायकलवर फाट्यापर्यंत सोडायचो, कारण माझं शेत त्याच वाटेवर होतं. एसटी यायची, ती चढायची, मी औताला लागायचो. यात माझी थोरवी कुठं आली? पाऊस पडतो तेव्हा आपण छत्री मिटली म्हणून पीक आलं, असं कोणी म्हणतं काय?

तिचा विषय तत्त्वज्ञान. त्यातही अनुमान, दिसलेल्या गोष्टीवरून न दिसलेली गोष्ट माणूस कशी ठरवतो, आणि ठरवताना कुठं चुकतो, यावर तिचा प्रबंध होता. मी तो वाचला नाही, वाचून कळलाही नसता. पण मी त्या प्रबंधाबरोबर संसार केला. बाजारातून मी चिडून यायचो आणि म्हणायचो, "सगळे अडते चोर." ती चुलीपुढून मान न वळवता म्हणायची, "सगळे म्हणू नका. जेवढे पाहिले तेवढे म्हणा." मी म्हणायचो, "हा बैल मारका हाय." ती म्हणायची, "त्यानं एकदा मारलं, की तो मारकाच हाय? दोन्ही एक न्हाई." कधीकधी भाकर घशात अडकायची इतका वैताग यायचा. पण हळूहळू माझ्या जिभेला सवय लागली. माणूस ज्या विहिरीचं पाणी पितो त्या पाण्याची चव त्याच्या बोलण्यात उतरत असेल काय? तिच्या तोंडचे जड शब्द आज माझ्या तोंडात आहेत, ते असे उतरलेले आहेत. म्हणून मी हा लेख लिहितानाही सगळे म्हणणार नाही. जेवढे पाहिले तेवढेच सांगतो.

तिच्या कॉलेजला आधी पत्र्याचे वर्ग होते. उन्हात पत्रा तापायचा आणि ती त्या भट्टीत उभी राहून ज्ञान म्हणजे काय, भ्रम म्हणजे काय, हे शिकवायची. समोर बसलेली पोरं साखरा, सेनगाव, आजूबाजूच्या तांड्यांवरची. प्राचार्य झाल्यावर तिनं पाहिलं की माघ-फाल्गुनात वर्ग रिकामे पडतात, पोरी तर दिसेनाशाच होतात. मास्तर लोक म्हणायचे, यांना शिकायचंच नाही. ती म्हणाली, काहून नाही ते आधी बघू. स्कूटीवर बसून शिवारात गेली. पोरी बांधाबांधावर हळदीचे कंद मोडत बसल्या होत्या, मधला जाड गड्डा वेगळा, त्याला फुटलेली बोटांएवढी हळकुंडं वेगळी. सकाळी कंद निघतात, दुपारी टाकीत शिजतात, शिजत असताना मोडणाऱ्या पोरींना काम नसतं. तिनं कॉलेजचं वेळापत्रकच फिरवलं. हळदीच्या दिवसांत तास दुपारी. पोरी शेतातून तशाच यायच्या. हात कोपरापर्यंत पिवळे, वह्यांना पिवळे डाग, बाकांना पिवळे डाग. शहरातली माणसं हसून म्हणायची, हे हळदी कॉलेज. शिपाई पोरींना चिडवायचा, "काय गं, आज कोणाची हळद?" एक पोरगी म्हणाली, "ज्ञानाची, मामा. नवरदेव अजून यायचाय." ही गोष्ट वत्सला घरी येऊन सांगायची आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिला मोठमोठ्या विद्यापीठांची बोलावणी आली. ती व्याख्यान देऊन रात्रीच्या गाडीनं परत यायची. उद्या दुपारी तास आहे म्हणायची. निवृत्त झाली तरी तास सुटला नाही. पगार बंद, शिकवणं चालू.

तेराव्याला पोरी आल्या. त्यात तांड्यावरची ज्योती होती, बी.ए.च्या पहिल्या वर्षाची. जेवली नाही. मला म्हणाली, "बाबा, पुढच्या साली आमचं काय?"

मी विचारलं, "काय म्हणजे?"

"आर्ट्स बंद करून राहिले. त्या इमारतीत औषधनिर्माणचं कॉलेज काढणार म्हणे. आमाला हिंगोलीला जा म्हणले. दोन एसट्या बदलून मला घरचे धाडतेत व्हय? बापानं पावणे बघायला सुरू केलं."

माझं दुःख तोवर नुसतं ओझं होतं, खांद्यावर पडून असलेलं. त्या घडीला त्याला धार आली. वत्सला जिवंत होती तोवर कोणाची छाती झाली नाही. तिच्या चितेची राख निवायच्या आत बेत ठरला. वाट बघून राहिले होते, दुसरं काय? इथंही सगळे म्हणत नाही. पण जेवढे होते, ते वाट बघून राहिले होते.

मग शोकसभा झाली. सभागृहात तिचा मोठा फोटो, त्याला झेंडूचा हार, पुढं उदबत्ती. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब उभे राहिले. पांढरेशुभ्र कपडे, ओला आवाज. म्हणाले, "बाई भाग्यवान. भरल्या मळवटानं गेल्या." बाया अडाणी होत्या, त्यांना मी एक वेळ माफ केलं असतं. हा माणूस तर एका ज्ञानमंदिराचा धनी, आणि एका विदुषीबद्दल त्याला पहिलं वाक्य सुचलं ते हे. पुढं म्हणाले, "त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ नव्या औषधनिर्माण महाविद्यालयाला आम्ही त्यांचं नाव देत आहोत." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. ज्या हातांनी तिच्या वर्गाला कुलूप लावायचं ठरवलं, तेच हात त्या कुलपावर तिचं नाव कोरणार होते.

मला दोन शब्द बोला म्हणाले. मी माईकपाशी गेलो, एवढंच म्हणालो, "माझ्या बायकोचं नाव लावायचं न्हाई. जिथं तिचा वर्ग न्हाई तिथं तिचं नाव न्हाई. लावलं तर मी स्वतः शिडी लावून उतरवीन." आणि उतरलो. कोणी टाळी वाजवली नाही. घरी येईपर्यंत मला वाटत होतं, मी तिची लाज राखली. कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास आला.

घरी माझी लेक रेखा होती. नांदेडला शाळेत शिकवते, आईच्या वळणावर गेलेली आहे, बापाला सोडत नाही. चहा पुढं ठेवून म्हणाली, "बाबा, तुमी चांगलं बोलले. आता ज्योती काय करणार?"

"म्हणजे?"

"त्यांना आईचं नाव पायजे. लोक मानतेत त्या नावाला, म्हणून पायजे. तुमच्यापाशी तेवढीच एक गोष्ट होती. आईनं ती अशी फेकली नसती. नाव घ्या म्हणाली असती, वर्ग द्या."

"तिचं नाव विकू?"

"आईला कुठं होता नावाचा शौक? बाबा, राग तुमचा हाय. वर्ग पोरींचा हाय."

मी कप तसाच ठेवून अंगणात गेलो. राग आला, आणि पोरीवर आला. कारण ती बराबर बोलली होती, अन् बोलताना तिच्या आवाजात दुसराच आवाज होता. मेलेल्या माणसाचा सन्मान म्हणजे काय? त्याचं नाव स्वच्छ ठेवणं, की त्याचं काम मळक्या हातांनी का होईना चालू ठेवणं? हा सवाल वत्सलेनं तासाला टाकला असता तर पोरींनी दिवसभर वाद घातला असता. माझ्याशी वाद घालायला अंगणात कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. मनात नव्हतं. पायऱ्या चढताना प्रत्येक पायरीवर परत फिरावं वाटलं. ते झोपाळ्यावर बसलेले. म्हणाले, "या तात्या. काल लई तापले होते."

मी म्हणालो, "अजून तापलेलाच हाय. नाव लावा. जेवढ्या मोठ्या अक्षरात लावायचं तेवढं लावा. उद्घाटनाला मी येतो, हार घालून घेतो, फोटोत उभा राहतो. पण वरच्या मजल्यावर आर्ट्स राहिलं पायजे. अन् हळदीच्या दिवसांत तास दुपारी."

"पोरं कुठं हायती तात्या आर्ट्सला?"

"मी आणतो. तांड्यांवर जातो, घरोघर जातो. ती जायची, आता मी जातो."

ते हसले. "तुमी? तुमी तर शाळेत बी टिकले न्हाई म्हणे."

"म्हणूनच मला बापलोकांशी बोलता येतं," मी म्हणालो. "त्यांच्यातलाच हाय मी."

त्यांनी झोपाळा थांबवला. त्या माणसाच्या मनात दया आली असं मी समजत नाही. शोकसभेतलं माझं बोलणं गावात पसरलं होतं, त्याची त्यांना तकलीफ होती, आणि ती मिटवायचा सोपा रस्ता चालत दारात आला होता. शेवटी म्हणाले, "बघू. पोरं भरली तर ठेवू. न्हाई भरली तर मला दोष देऊ नका." मी हात जोडले. ज्या माणसाचं तोंड बघायचं नव्हतं त्याच्यापुढं हात जोडले. घरी येऊन ते हात किती वेळ धुतले, काय सांगू.

वैशाखात मी तांडे फिरलो. एक बाप म्हणाला, "पोरीला फिलासफी शिकवून काय करू?" मी म्हणालो, "मला बी ठावं न्हाई. पण जिला येत होती तिच्यासंगं मी जन्म काढला. तसं माणूस घरात असलं म्हणजे घर लहान वाटत न्हाई." त्यानं लेकीकडं पाहिलं. ज्योतीच्या बापानं पावणे पुढं ढकलले, बंद केले नाहीत. एवढं मिळालं. एवढंच मिळालं.

आषाढात पाटी लागली. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं. वर 'कै. सौ.' आणि त्याच्यानंतर 'डॉ.'. आधी सौभाग्य, मग विद्या. गावातल्या त्या म्हाताऱ्यांनी जे तोंडानं म्हटलं ते या लोकांनी दगडात कोरून ठेवलं. फीत कापताना भाऊसाहेब माझ्या कानाशी म्हणाले, "कसं दिसतं तात्या?" माझ्या हातात हार होता. ओठांवर जे आलं होतं ते मी गिळलं. कारण वरच्या मजल्यावरच्या खोलीतून पोरींचा आवाज येऊन राहिला होता आणि तो आवाज अजून कच्चा होता. माझ्या एका शब्दानं बंद पडला असता.

राग गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही. या वयात माणसापाशी ऊब देणारं दुसरं काय उरतं? हिंगोलीला हळद विकायला जातो तेव्हा एसटी कॉलेजच्या फाटकापाशी थांबते. पाटी समोरच दिसते. मी ती वाचत नाही. वरच्या मजल्यावरचं दार उघडं आहे काय, तेवढं खिडकीतून वाकून बघतो, आणि गाडी हलली की सरळ बसतो.