पाठीवर बांधलेलं कातडं

मेलेल्या वासराचं कातडं जिवंत वासराच्या पाठीवर बांधून तुम्ही कधी गायीला फसवलंय का?

आम्ही फसवलं. साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या आमच्या गावात ही जुनी रीत आहे. शेजारच्या अक्काची गाय चरताना साप चावून मेली. मागे सव्वा महिन्याचा गोऱ्हा राहिला. अक्काच्या जोडीतला एक बैल पार थकलेला. हाच गोऱ्हा त्याच्या जागी उभा राहणार होता. तिने त्याला बाटलीने दूध पाजलं. पण त्याचं पोट फुगायचं, केस राठ झाले. कुरणात सोडला तर नुसता उभा राहायचा. चरायचं कसं, हे दाखवणारं त्याला कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्या गायीचं वासरू तापाने गेलं. मानेवर चिंचोक्याएवढ्या चार-पाच गाठी होत्या. आबा, म्हणजे वडिलांचे काका, त्यावरून बोट फिरवत म्हणाले, "गोमाशी चावनी." आणि त्यांनी सुरी मागितली.

लम्पीने, म्हणजे अंगावर गाठी आणणाऱ्या गुरांच्या साथीच्या रोगाने, मेलेलं जनावर कातड्यासकट खोल पुरा, असं सांगणारी पत्रकं मी स्वतः गावात घरोघर वाटली होती. गुरांच्या दवाखान्याची पत्रकं गावात वाटायला आमच्याच घरी येतात, त्यांचे गठ्ठे धान्याच्या कोठीशेजारी असतात. मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. तरी आबांना सुरी मीच आणून दिली. अक्का गोऱ्ह्याच्या गळ्यात हात टाकून दारात उभी होती. तिच्यासमोर मी लम्पीचं नावही काढलं नाही.

आबांनी ते ओलं कातडं गोऱ्ह्याच्या पाठीवर सुतळीने बांधलं. "गायना डोया नाकमा ऱ्हातस," ते म्हणाले; गाय वासरू वासानेच ओळखते. पहिले दोन दिवस गायीने लाथा झाडल्या.

"आबा, तुमनी गाय मन्ही सासूपेक्षा कडक शे!" अक्का म्हणाली.

"तुले हाई कातडं बांधतं तं तूबी सासूले पसंत पडती," आबा म्हणाले, आणि अक्का पदराआड हसली.

तिसऱ्या दिवशी गायीने ते कातडं हुंगलं, चाटलं आणि गोऱ्ह्याला आचळ दिलं.

मग तो वाढला. डोळ्यांदेखत वाढला. माळावर गाय जिथे तोंड घालायची तिथेच तो घालायचा. ती जे झुडूप टाळायची, तेही टाळायचा. दुपारी तिच्या पोटाशी बसून रवंथ करू लागला. त्याची बरगडी दिसेनाशी झाली. आठव्या दिवशी कातडं काढून आम्ही ते कुंपणावर टाकलं. गावची सगळी गुरं त्या कुंपणाला अंग घासत माळावर जातात. त्यावर माश्यांचा काळा थर बसायचा आणि मी रोज त्याच्याकडे न बघता जायचे.

दोन आठवडे उलटले. एका सकाळी गोऱ्हा दूध प्यायला उठलाच नाही. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बरोबर जिथे सुतळी आवळली होती, तिथे गाठी होत्या.

सरकारी डॉक्टर आले. त्यांनी एकच विचारलं, "कातडं कुठंय?"

आम्ही तिघांनीही कुंपणाकडे पाहिलं. त्यांनी ते पुरायला खड्डा खणायला लावला, चुना टाकायला लावला. गोऱ्ह्याला अक्काच्या मागच्या पडवीत वेगळं बांधलं. गाय आमच्या गोठ्यातून सारखी हंबरायची, तो मान न उचलता कान हलवायचा. सहाव्या दिवशी तो कानही हलला नाही.

अक्का मला काही बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं.

काल गायीच्या कासेवर पहिली गाठ दिसली. वरच्या आळीत दोन घरांनी गुरं चरायला सोडलेली नाहीत, आणि का ते ती माणसं सांगत नाहीत.

पोरकं वासरू दुसऱ्या गायीला जरूर लावा, तिच्यामागे चरेल तरच ते अंग धरेल. पण त्याच्या पाठीला मीठ-गुळाचं पाणी लावा आणि गाय चाटेपर्यंत धीर धरा. मेलेल्याचं कातडं काढू नका. आणि हे वाचून झाल्यावर गोठ्यात जा, प्रत्येक जनावराच्या अंगावरून केसांच्या उलट दिशेने हात फिरवा. एक जरी गाठ हाताला लागली, तर ते जनावर आजच वेगळं बांधा आणि डॉक्टरांना बोलवा. शेजाऱ्यालाही सांगा, तोंडावर सांगा.