कमांडर दिघ्यांची खुर्ची

कमांडर दिघे गेल्याचा फोन आला तेव्हा मी शारजात एका जुन्या इंजिनाचा भाव पाडत होतो. फोन त्यांच्या मुलीचा, पुण्याहून. "काका, बाबा सकाळी गेले," एवढंच म्हणाली. दुकानदार मी सांगितलेल्या किमतीला तयार होत आला होता. मी सौदा तसाच सोडून गाडीत जाऊन बसलो...

फुजैऱ्याच्या समुद्रात नांगरलेल्या जहाजांना भाजीपाला, दोर, रंग पोचवायचा, हा माझा धंदा. नव्वदच्या सुरुवातीला लाँच चालवायला माणूस हवा होता, आणि दिघे आले. नौदलात ते एका युद्धनौकेचे कप्तान होते. एका दुपारी ते खाली जेवत असताना पहाऱ्यावरच्या तरुण अधिकाऱ्याने वळण चुकवलं आणि नौका वाळूत रुतली. चौकशीत दिघ्यांनी सगळं स्वतःवर घेतलं. त्यांना पुन्हा कधी जहाज मिळालं नाही. शेवटी राजीनामा.

"साहेब, चूक त्याची होती ना?" मी चिडायचो.

"पहारा त्याचा होता, सावंतशेठ. जहाज माझं होतं."

युद्धनौकेवर कप्तानाची खुर्ची असते, तीत दुसरं कुणी बसत नाही, हे त्यांनीच मला सांगितलेलं. म्हणून मी लाँचच्या सुकाणूपाशी तशीच उंच खुर्ची बसवून घेतली. "छान आहे," म्हणाले, आणि शेजारी उभे राहिले.

"अहो, बसा की."

"ज्याच्याकडे जहाज असेल तो बसतो. ही तुमची भाजीची टोपली."

मग वर्षानुवर्षं उभेच. माझ्या कष्टाच्या लाँचला हा माणूस जहाज मानत नाही, याचा मला मनापासून राग यायचा.

एकदा तोच अधिकारी स्वतः कप्तान होऊन, नौका घेऊन फुजैऱ्याला आला. माल आम्हीच नेला. तो वर कठड्याशी आला, दिघ्यांकडे नीट पाहिलं, ओळखलं, आणि आत निघून गेला. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं तर दिघ्यांनी माझा दंड धरला. "खलास, शेठ, सोडा. बघा, जहाज काय टापटीप ठेवलंय." दिघ्यांच्या शोकसभेत त्याच माणसाचा लांबलचक संदेश वाचायला घेतला तेव्हा मी उठून बाहेर गेलो. मी काही दिघे नाही.

काम सोडून कायमचे पुण्याला परतण्याआधी त्यांचे पाय सुजायचे. "आता तरी बसा. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

गेल्या आठवड्यात लाँच विकायला काढली. गिऱ्हाईक म्हणालं, "सेठ, कुर्सी तो नयी है. प्लास्टिक भी नहीं निकाला." बैठकीवरचं प्लास्टिक खरंच कोरं होतं. खुर्चीच्या पाठीवर मात्र एका जागी ते पार झिजलं होतं, खालचं कापडही विरलं होतं... उभ्या उभ्या ते हात टेकायचे, तिथे.

"लाँच ले जाओ," मी म्हणालो. "कुर्सी नहीं."