अण्णांची धावण्याची लीग

माझे वडील गिरगावातल्या एका शाळेत तीस वर्षं ड्रिल मास्तर होते. निवृत्त झाल्यावर पहिले चार महिने त्यांनी आमच्या दोन खोल्यांत आईला शिस्त लावून पाहिली. पाचव्या महिन्यात आई म्हणाली, "तुम्ही बाहेर काहीतरी काढा." म्हणून ते परळला कुस्त्या बघायला गेले आणि परत आले ते डोक्यात लीग घेऊनच.

"जिंकणाऱ्या पैलवानाला फेटा बांधतात, वर हातात रोख देतात. सगळ्यांसमोर!" चपला काढता काढताच त्यांनी सुरुवात केली. "आणि माझी मुलं तीस वर्षं ऊर फुटेस्तोवर पळाली, त्यांना काय मिळालं? वाटीएवढा कप. ते काही नाही. आता पळणाऱ्याला पैसे मिळणार. चार संघ. गिरगाव, दादर, परळ, लालबाग. चार रविवार. तिकीट लावायचं."

"पळायचे पैसे?" आई आतून म्हणाली. "मग मी रोज सकाळी नळावर पळते त्याचे कोण देणार?"

अण्णांनी ते न ऐकल्यासारखं केलं आणि माझ्याकडे वळले. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, फोर्टातल्या एका विमा कंपनीत टायपिस्ट. घरात मशीनवर बोटं चालवणारी मी एकटीच, त्यामुळे मला न विचारता मी लीगची चिटणीस झाले. जेवणाच्या सुट्टीत हेडक्लार्कची परवानगी काढून मी पत्रं टाइप केली आणि चारही भागांतल्या तालमींना, व्यायामशाळांना धाडली.

उत्तरं भराभर आली. पळणारे पुष्कळ होते, पण बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला होता: पैसे घेतले तर संघटनेचं काय? शहरातल्या शर्यती भरवणाऱ्या संघटनेचा नियम कडक होता. धावण्याचे पैसे घेतलेला माणूस पुन्हा तिच्या शर्यतींत उतरू शकत नसे. अण्णांना हा नियम अर्थातच ठाऊक होता. पण उत्साहाच्या भरात त्यांनी तो बाजूला ठेवला होता, जसे ते आईचे टोमणे ठेवत.

त्यावर काहींनी युक्त्याही सुचवल्या. पैशांऐवजी बूट द्या, कापड द्या, लग्नाचा आहेर म्हणून द्या. अण्णा जवळजवळ विरघळले होते. तेवढ्यात एका शनिवारी दुपारी परळचा धावपटू आमच्या घरी आला.

तो एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होता. वय चोवीस-पंचवीस, उंच आणि काटकुळा. मैलाच्या शर्यतीत त्याच्या पुढे जाणारा माणूस तेव्हा मुंबईत सापडणं कठीण होतं. आदल्या वर्षीच त्याच्या घरच्यांनी आणि सबंध चाळीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आईने चहाचा कप भरताना क्षणभर हात थांबवला. मग रोजच्याच कपात चहा ओतून त्याच्यापुढे ठेवला. तो क्षण मी पाहिला आणि त्यानेही पाहिला. त्याने चहा घेतला आणि चांगला झालाय म्हणाला.

"मास्तर, मी पळणार," तो म्हणाला. "पण बूट नको, आहेर नको. पैसे द्यायचे तर उघड द्या."

"अरे, कायमची बंदी येईल तुझ्यावर."

"येऊ दे. चोरून काही करायचं नाही, असं आमच्या घरात ठरलंय आता. माझे पाय आहेत, मी पळतो, तुम्ही पैसे देता. त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

तीस वर्षांत त्यांना असं सरळ बोलणारा विद्यार्थी बहुधा मिळालाच नव्हता. तो गेल्यावर त्यांनी मला नवं पत्र टाइप करायला लावलं: बक्षीस रोख मिळेल, सर्वांसमक्ष मिळेल, ज्यांना बंदीची भीती असेल त्यांनी येऊ नये. निम्मे गळाले. उरलेल्यांतून चार संघ कसेबसे उभे राहिले.

मग सरावाची पंचाईत. कुणाची पहिली पाळी, कुणाची दुसरी, कुणाची रात्रपाळी. रिलेच्या संघातले चौघे एका वेळी एका जागी म्हणून सापडत नसत. लालबागवाल्यांनी त्यावर तोड काढली. दुपारी पाळी बदलायच्या वेळी गिरणीच्या फाटकातून बाहेर पडणारा पळत येऊन आत जाणाऱ्याच्या हातात दांडकं द्यायचा आणि तो ते घेऊन आत पळायचा. साचेवाल्यांना वाटलं, आत काहीतरी झालंय. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, धावत आला. त्यानंतर तो सराव बंद पडला.

आणि त्या दांडक्यांवरूनच आमच्यावर पोलीस चौकीत जायची वेळ आली. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. रोज कुठे मोर्चा, कुठे हरताळ. परळचा धावपटू गिरणीतल्या सुताराकडून रिलेची चार नवी दांडकी करून घेऊन रस्त्याने चालला होता. नाक्यावरच्या हवालदाराने मोर्चातली दांडकी समजून त्याला धरलं. निरोप आला तसे अण्णा आणि मी ट्रामने लालबागला पोचलो. तो चौकीतल्या बाकावर शांत बसला होता. दांडकी टेबलावर ओळीने मांडली होती.

"हे काय आहे?" हवालदाराने विचारलं.

"रिलेचं साहित्य," अण्णा म्हणाले.

"कसलं?"

अण्णांना शिकवायची संधी कुणी दिली की ते जागेचा विचार करत नसत. त्यांनी मला चौकीच्या एका कोपऱ्यात उभं केलं, धावपटूला दुसऱ्या, स्वतः दारापाशी. "आता बघा हां. ही पळत येईल. हा मागे न बघता हात मागे करील. नजर पुढे!" मी साडी सावरत चार पावलं पळाले आणि दांडकं त्याच्या हातात दिलं. त्याने ते अण्णांना दिलं. अण्णांनी पुढचा माणूस म्हणून हवालदारापुढे धरलं. त्याने ते घेतलं आणि, देवाशपथ सांगते, तो दारापर्यंत पळत गेला.

"मास्तर, हात चुकला माझा," परत येऊन तो म्हणाला. "मी मागे बघितलं."

"पहिल्यांदा सगळेच बघतात," अण्णा म्हणाले. दांडकी परत मिळाली. पहिल्या रविवारी तो हवालदार साध्या कपड्यांत, बायकोमुलांना घेऊन आला होता.

जाहिरातीचीही गंमतच झाली. छापील पत्रकं थोडी होती म्हणून भिंती रंगवायच्या ठरल्या. पण परळ-लालबागात एक भिंत मोकळी असेल तर शपथ. सगळीकडे 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. आमच्या माणसांनी जिथे खाली वीतभर जागा दिसली तिथे मजकूर घातला आणि जागा संपली की अर्ध्यातच सोडला. एका लांबलचक भिंतीवर घोषणेखाली एवढंच राहिलं: 'येत्या रविवारी, संध्याकाळी चार वाजता, परळच्या मैदानात.'

शुक्रवारी चळवळीतला एक कार्यकर्ता आमच्या दारात उभा. खादीचा सदरा, ओरडून बसलेला घसा. "मास्तर, तुम्ही संयुक्त महाराष्ट्राला वेळ देऊन टाकलीत! लोक आम्हाला विचारतायत, रविवारी चारला होणार म्हणजे नक्की काय होणार?" मग त्याला आणि आम्हाला एकदमच कळलं की त्याच रविवारी त्याच मैदानात त्यांची सभा होती. परवानगी दोघांकडेही होती. अण्णांचा चेहरा उतरला.

"आमची सभा सहाला," कार्यकर्ता थोडा विचार करून म्हणाला. "तुम्ही चारला पळा. लोक लवकर येतील, आमच्या वक्त्यांना भरलेलं मैदान मिळेल. फक्त एक. सभेच्या मैदानात तिकीट लावता येणार नाही. लोक ऐकायचे नाहीत."

तिकीट नाही तर धावपटूंना द्यायचं काय, हा प्रश्न त्याने बसल्या घशाने सोडवला. "लोकांकडे मागू," तो म्हणाला.

रविवारी सकाळी आम्ही फक्की टाकून मैदानावर गोल आखला. अण्णांनी दोरी लावून तो तीनदा मोजला आणि तीनदा वेगळा भरला. चारपर्यंत माणसांची अशी गर्दी झाली की आखलेल्या गोलाच्या आत आणि बाहेर सारखीच. कार्यकर्त्याने कर्ण्यावरून विनवून रेघ मोकळी केली. मैलाच्या शर्यतीत परळचा धावपटू पहिले दोन फेरे मागे राहिला. तिसऱ्या फेऱ्याला तो एकेकाच्या बाजूने असा निघून गेला, जणू त्यांना काही निरोप सांगायचा होता आणि तो सांगून झाला. मैदान उठून उभं राहिलं. मग एका फेट्याची झोळी करून ती गर्दीतून फिरवली आणि ज्याचं बक्षीस त्याला तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत दिलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं, दोरीपाशी उभ्या असलेल्या त्याच्या आईकडे गेला आणि तिच्या ओंजळीत ठेवलं. माऊलीला काय करावं सुचेना. तिने ते पदरात बांधलं आणि शेजारणीच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत सुटली.

मुख्य वक्त्यांना यायला उशीर झाला. लोक ओरडू लागले, "परत पळा!" आम्ही रिले पुन्हा पळवली. दुसऱ्या वेळी निकाल उलटा लागला. अण्णांनी तो नियमात बसवायला रात्रीचं जेवण थंड केलं.

दुसऱ्या रविवारआधी लालबागहून पाच बायका अण्णांना भेटायला आल्या. गिरणीत सूत गुंडाळणाऱ्या, वाइंडिंग खात्यातल्या. पुढे होती ती तिशीची, दोन मुलांची आई, मालवणची. "बायकांची शर्यत कित्याक नाय?" तिने विचारलं.

अण्णा गडबडले. "ठेवू की. लिंबू-चमचा ठेवू."

"लिंबू घराक ठेवा मास्तरांनू, सरबताक होतला," ती म्हणाली. "आमका पळूचा आसा."

माझ्या तोंडून "मीपण पळते" कधी निघालं मलाच कळलं नाही. शाळेत मी चौदा वर्षांची होईपर्यंत पळत होते. मग साडी आली आणि ते आपोआप थांबलं. कुणी थांबवलं असंही नाही. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मला विसरूनच ते तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना पळवत होते.

"गिरगावकडून कुणीतरी हवंच," ते घसा साफ करून म्हणाले.

त्या रविवारी सतरा जणी पळालो. गिरणीतल्या बायकांची नऊवारी घट्ट कासोट्याची, पळायला उत्तम. मी आईची नऊवारी मागून घेतली होती आणि आईनेच ती मला कंबरेशी इतकी आवळून नेसवली की श्वास घेणं अवघड. शंभर यार्डांची शर्यत. शिट्टी वाजली आणि लालबागची ती बाई बांगड्या कोपरापर्यंत चढवून अशी सुटली की तिचा नवरा दोरीपलीकडून "हळू गो, हळू!" ओरडत राहिला. ती पहिली. मी चौथी. कितीतरी वर्षांनी माझ्या कानांत वारा शिरला होता. आई गर्दीतून वाट काढत आली, माझा सुटलेला अंबाडा बांधत म्हणाली, "शेवटी मान वाकडी केलीस म्हणून गेला नंबर." तिला धावण्यातलं एवढं कळत होतं, हे मला काय, अण्णांनाही ठाऊक नव्हतं.

चारही रविवार पार पडले. शेवटी बायकांच्या शर्यतीचे गुण धरून लालबाग जिंकलं. परळवाल्यांनी त्यावर हरकत घेतली आणि दुसऱ्या दिवशी परळच्याच बायकांनी त्यांना गप्प केलं. पुढच्या वर्षी अण्णांनी पुन्हा पत्रं काढली, पण आता बंदीची खरोखरच पत्रं आली होती. नव्या पोरांच्या घरच्यांनी नको म्हटलं. दादरचा संघ मोडला, गिरगावात तीनच पुरुष उरले. मैदानही दुसऱ्या कुणाला तरी गेलं. लीग एका हंगामाचीच झाली.

मग त्यांनी दुसरं काम काढलं. संघटनेला दर महिन्याला एक पत्र: बंदी उठवा. सगळी मीच टाइप केली, लग्न होऊन दादरला गेल्यावरसुद्धा. मराठी राज्य आलं, माझी मुलगी चालायला लागली, तेव्हा कुठे उत्तर आलं. पुढे पैसे घेणार नाही असं लिहून दिल्यास त्या सर्वांना परत घेऊ.

परळचा धावपटू तेव्हा तिशीला आला होता. त्याने लिहून दिलं आणि मैलाच्या शर्यतीत नाव घातलं. अण्णा, मी, कडेवर माझी मुलगी आणि शेजारी लालबागची ती वाइंडरीण, असे आम्ही बघायला गेलो. पुढचे सगळे विशीतले होते. तो सहावा आला. रेघ ओलांडून गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला आणि आम्ही जवळ गेलो तर हसत होता.

"मास्तर, पाच जणांच्या पाठी दिसल्या आज," तो धापा टाकत म्हणाला. "पुढे एवढी माणसं असतात, मला माहीतच नव्हतं."

अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मग आम्ही सगळे मैदानाबाहेरच्या हॉटेलात मिसळ खायला गेलो, आणि पाचवा आलेला तो पोरगा कुठल्या वस्तीतला, त्याला कोण शिकवतं, याची चौकशी अण्णांनी पहिला घास घ्यायच्या आधीच सुरू केली.