कुंकू लागलेली सायकल

त्या दुकानदाराला मी अजून माफ केलेलं नाही. एवढ्याशा गोष्टीवरून इतका राग धरावा का, असं लिहिताना वाटतं खरं. पण धरला आहे.

माझे बाबा चिकूच्या वाडीत कामाला जातात. गेल्या वर्षी फांदीवरून त्यांचा पाय सटकला आणि गुडघ्याजवळचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा पाय काठीसारखा सरळ राहिला होता. डहाणू रोडच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत. त्यांनी कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी गुडघ्याला लावली आणि म्हणाल्या, "काटकोनापर्यंत यायला हवा. दीड महिन्यात नाही आला, तर भूल देऊन वाकवावा लागेल."

"म्हणजे मी झोपलेला असताना कोणी माझा पाय पिळणार?" बाबांनी विचारलं.

मॅडम हसल्या. बाबा हसले नाहीत. घरी जागेवरच फिरवायची व्यायामाची सायकल आणून रोज चालवा, असं मॅडमनी सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

वाडीच्या शेठने सायकलचे पैसे देतो म्हणून सांगितलं. वर माझ्याकडे बघून म्हणाला, "निवड तू कर. कॉलेजात जातेस ना, काही उपयोग तरी होऊ दे." त्याच्या स्वतःच्या गॅलरीत अशी एक सायकल आहे. तिच्यावर टॉवेल वाळत असतात. दुसरं काही होताना मी तरी कधी पाहिलेलं नाही.

तलासरीच्या पूर्वेला आमचा पाडा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे ज्या वस्तूला बटण असेल ती माझ्याकडे येते. मला माहीत नाही, हे सांगायची भीती वाटते. तेव्हाही नाही सांगितलं.

तीन दिवस फोनवर व्हिडिओ बघितले. घट्ट टीशर्ट घातलेले लोक, मागे पांढरीशुभ्र फरशी. प्रत्येकाचं दुःख एकच, पोट. जेवण जास्त झालं म्हणून घरात यंत्र आणायचं, त्यावर बसून कुठेच जायचं नाही, आणि त्याचा व्हिडिओ काढून लोकांना शिकवायचं. मला त्यांची किळस आली. तरी मी वहीत लिहून घेत होते: मोठा स्क्रीन हवा, हृदयाचे ठोके दिसायला हवेत, कॅलरी दिसायला हव्यात. परीक्षेला बसल्यासारखं पाठ केलं. गुडघ्याबद्दल कोणी एक शब्द बोललं नव्हतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आई बाहेर टेम्पोपाशी थांबली. दुकानात शिरताना बाबांनी चपला बाहेर काढल्या. दुकानदार म्हणाला, "बोलो बेन, कोना माटे?" कुणासाठी हवी, ते विचारत होता. मी बाबांकडे बोट केलं. त्याने बाबांना वरपासून अनवाणी पायांपर्यंत पाहिलं.

"अंकल, वाडीत फिरून व्यायाम होत नाय काय?"

दोन प्रकार होते. एक खुर्चीसारखी, पाठ टेकून पाय पुढे पसरून चालवायची. दुसरी साध्या सायकलसारखी उभी. मी म्हटलं, "बाबा, बसून बघा."

"नको गं. अजून कुंकू नाय लागलं तिला. त्याआधी पाय कसा लावू?"

आमच्याकडे असंच आहे. नवीन वस्तूला आधी कुंकू, मग हात, मग पाय. दुकानदार त्याच्या जोडीदाराकडे वळला. "ऐकलं का? पाय लावणार नाय म्हणे. मग सायकल चालवणार कशाने?" दोघे हसले.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मला लाज वाटली, ती बाबांची. लवकर बाहेर पडावं म्हणून सगळ्यात मोठ्या स्क्रीनवर बोट ठेवलं. ती सायकल उभ्या प्रकारातली होती. "चॉइस चांगली आहे बेन," तो म्हणाला, आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला आजही सगळ्यात जास्त चीड येते.

टेम्पो हायवेने घरी येताना आईने विवळवेढ्याला देवळापाशी थांबवायला लावला. महालक्ष्मीचं कुंकू तिने हँडलला लावलं, सीटला लावलं, स्क्रीनवरही एक बोट ओढलं. नारळ फोडून पाणी शिंपडलं.

घरी बाबांना मधल्या दांड्यावरून पाय टाकता येईना. आम्ही दोघींनी उचलून बसवलं. पेडल वर आलं तसा गुडघा अडकला आणि बाबांचा चेहरा पांढरा पडला. सारवलेल्या जमिनीवर यंत्र डुलत होतं. आईने बैलाची शिंगं धरावीत तसं हँडल धरून ठेवलं.

"माझ्यापेक्षा शहाणी हाय ही," बाबा दात दाबून म्हणाले. "उतर म्हणते."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच दुकानात गेले. फोटो दाखवून म्हटलं, "बदलून द्या. टेकून बसायची द्या. एक फेराही झालेला नाही."

त्याने फोटो मोठा करून बघितला. "कुंकू लागलंय ना. पूजा केलेला माल पुढे कोण घेणार?"

"पुसून देते."

"सीटवर नारळाचं पाणी पण दिसतंय, बेन."

त्याच्या गल्ल्यावर ताजं कुंकू होतं. मी म्हटलं, "तुमच्या गल्ल्याला पण लागलंय."

"मग? गल्ला मी परत द्यायला निघालोय काय?" तो म्हणाला. आणि मग हळूच, "काल बसवून बघायचं होतं."

ते खरं होतं. म्हणूनच माफ करता येत नाही.

तिथून सरळ मॅडमकडे गेले आणि जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं: सायकलमध्ये बघायचं काय? मॅडम म्हणाल्या, पाय पुढे पसरेल असं बसता आलं पाहिजे. आणि सुरुवातीला पूर्ण फेरा लागतच नाही, अर्धा पुढे, अर्धा मागे. बस. तीन दिवसांच्या व्हिडिओंत हे दोन वाक्यांचं शहाणपण कुठे नव्हतं.

घरी येऊन पाना घेतला आणि सीट दांड्यासकट काढून टाकली. यंत्राखाली दोन फळ्या घातल्या, मागे प्लास्टिकची खुर्ची लावली. बाबा खुर्चीत बसून पाय पुढे करून पेडल ढकलायला लागले. अर्धं पुढे, अर्धं मागे.

"जातं अर्धंच फिरवलंस तर पीठ कसं पडायचं?" आई म्हणायची.

"तू दळ ना मग," बाबा म्हणायचे, आणि डोळे मिटून पुन्हा ढकलायचे.

स्क्रीन काळाच राहायचा. पूर्ण फेरा झाल्याशिवाय त्याला जाग येत नाही. तो असाच मेलेला राहावा, असं मला वाटायचं, आणि पेटावा असंही वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी टूं करून आवाज आला. बाबा दचकले.

"काय मोडलं?"

"काही नाही. पूर्ण फिरली."

स्क्रीनवर आकडा आला होता. बाबांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं, अंगातली किती चरबी जळली ते दाखवतो.

बाबांनी स्वतःच्या पायाकडे बघितलं. "कोणाच्या अंगातली?"

दीड महिन्याने मॅडमनी पुन्हा पट्टी लावली. काटकोन पार करून थोडा पुढे गेला होता. "भूल नको," त्या म्हणाल्या. बाबांनी डोळे पुसले आणि घाम पुसल्यासारखं दाखवलं.

"कोणती सायकल घेतली तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"ते पोरीला माहीत," बाबा म्हणाले. "तिनेच निवडली. शिकलेली हाय ना, बरोबर बघून घेतली."

मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. मी टेबलावरच्या त्या पट्टीचे आकडे वाचत राहिले.