येळवसला फोडलेला बांध

आंबील प्यायलात, भज्जी खाल्लीत आणि जाताना माझ्या नवऱ्याच्या शेतातून रस्ता घेऊन गेलात.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं.

सकाळीच सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी गावच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचं बॅनर टाकलंय. ह्यांचा फोटो बिल्ल्याएवढा, चेअरमनचा परातीएवढा. खाली लिहिलंय, 'शेतकऱ्यांचा कैवारी'. ह्यांच्या नव्हे, स्वतःच्या फोटोखाली.

चार वर्षांपूर्वीची वेळ अमावस्या. आमच्याकडं येळवस म्हणजे शेतात पूजा, आंबील, सगळ्या शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, आणि वाटसरूलासुद्धा हाताला धरून जेवायला बसवायचं.

चेअरमन महसूलच्या मंडळ अधिकाऱ्याला घेऊन आले. जीप बांधापाशी थांबली. चेअरमन ह्यांना म्हणाले,

"अप्पा, साहेबाचे बूट खराब होतेत की. दोन फावडी मारा, गाडी आत येऊ द्या."

मी म्हणलं, "साहेबाला पाय न्हाईत का?"

हे हसले. "गप गं. आजच्या दिवशी शेताला दार नसतंय."

आणि स्वतःच्या हातानं बांध फोडला.

आदल्याच दिवशी पाणी दिलेल्या हरभऱ्यातून जीप पार पलीकडं, चेअरमनच्या प्लॉटिंगपर्यंत जाऊन आली. मग साहेबानं भज्जी तीनदा मागून घेतली.

महिन्यानं शेतातून रस्ता खुला करायची नोटीस आली. मी सातवी पास, पण कागद वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही.

पंचनाम्यात होतं : 'वाहनाच्या चाकोऱ्या आढळल्या. वहिवाटीचा रस्ता आहे.'

चाकोऱ्या कुणाच्या? साहेबाच्याच जीपच्या!

शेतकऱ्याला वावरात जायला वाट मिळावी म्हणून सरकारनं कायदा केला. वाट मिळाली प्लॉट विकणाऱ्याला.

निकाल चेअरमनच्या बाजूनं लागला, तरी हे अपील करून तारखांना जात राहिले. "आपलं मीठ खाल्लंय साहेबानं. ऐकंल तो."

मागच्या वर्षी तारखेहून येताना औशाच्या स्टँडवर बसले, ते उठलेच नाहीत.

अपील मी पुढं चालवलं. स्टे आणला. बांध पुन्हा घातला, माझ्या हातानं. निकाल पुढच्या महिन्यात आहे.

आणि काल चेअरमनचा फोन.

"वहिनी, झालं गेलं सोडा, अपील मागं घ्या. येळवसला साहेबाला घेऊन येतो. अप्पाची रीत मोडू नका."

नाही मोडत, भाऊजी. या.

आंबील घागरभर असेल. भज्जी तीनदा काय, चारदा वाढीन.

जीप डांबरीवर लावा. बूट हातात घ्या. बांध चढून या.

अहो, तुम्ही म्हणाला होतात तसं, शेताला दार मी अजूनही लावलेलं नाही. नुसता बांध ठेवलाय.

परवाच्या येळवसला पहिलं पान तुमच्या फोटोपुढं वाढते. मग त्यांचं.