साहेबांचं पथ्य

माझे धाकटे दीर न्हावी. हात इतका हलका की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागतं. पण जन्मात कुणाला 'नाही' म्हणणं त्यांना जमलं नाही. नावं ठेवायची म्हणून सांगत नाही मी. साहेबांचं दुखणं त्यातूनच आलं.

साहेब म्हणजे दुकानातला मासा. तळहाताएवढा, नारिंगी, कपाळावर कायमची आठी. नंबर लागेस्तोवर लोकांचा जीव रमावा म्हणून भाऊजींनी खुर्चीशेजारी काचेची टाकी ठेवली. साहेबांना लाल अळ्यांची चटक लागली. दाणे टाकले की तोंडात घेऊन थुंकायचे नि भाऊजींकडे बघत राहायचे. की भाऊजी कात्री ठेवून अळ्या आणायला पळाले.

व्हायचं तेच झालं. पोट टम्म फुगलं, साहेब तिरके पोहायला लागले. मासे विकणारा म्हणाला, "अळ्या बंद. उकडलेला मटार सोलून द्या. नाही खाल्ला तर हा वाचत नाही."

भाऊजी पडलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आले. "वहिनी, तुम्ही पोरांना कसं खायला लावायचात?"

"समोर बसून मीच खायचे. मग हेव्याने खायची."

मी आपलं पोरांचं सांगितलं. यांनी ते माशाला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बघते तर सगळी गिऱ्हाइकं टाकीकडे तोंड करून मटार चावतायत. गालाला साबण फासलेला तोसुद्धा.

"जरा चवीने खा हो," भाऊजी म्हणत होते. "साहेब बघतायत."

"मी केस कापायला आलोय की जेवायला?" खुर्चीतला शिंपी म्हणाला.

मटार सोलून सोलून माझ्या धाकट्या जावेची नखं हिरवी झाली होती. "मला ताप होता तेव्हा 'चार घास खा' म्हणालात का?"

"तू थुंकत नाहीस ना," भाऊजी म्हणाले.

साहेबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. भाऊजींचं स्वतःचं जेवण सुटलं होतं. तरी हात चालूच. एक मटार पाण्यात सोडला, शिंप्याचे केस संपवले, मागून मान दाखवायला हातात आरसा घेतला. पण जीव सगळा टाकीत. तिकडे वळले, तसा आरसाही वळला. साहेबांना समोर दुसरे साहेब दिसले, आणि तेही त्याच मटारावर टपलेले. झालं. कल्ले फुगवून झेपावले नि मटार गिळून मोकळे.

"माझी मान?" शिंपी म्हणाला.

"छान आहे," भाऊजी न बघताच म्हणाले.

तेव्हापासून आरसा साहेबांचा. गिऱ्हाइकांनी आपापली मान घरी जाऊन बघावी.

काल गेले तर साहेब सरळ पोहत होते, पोट बसलेलं. त्यांचं खाऊन झालं होतं, आणि भाऊजी एक मटार बोटाने आरशावर दाबून धरून उभे.

"आता हे काय, भाऊजी?"

"वहिनी, साहेब रोज त्या आरशातल्याच्या तोंडचा पळवतात. तो बिचारा किती दिवस उपाशी राहील?"

"मग त्याला अळ्या द्या," जाऊ म्हणाली. "त्याला कुणी पथ्य सांगितलंय?"

भाऊजी खरंच विचारात पडले.