मार्थाची अट

क्लेमेंटला जन्मात एक अक्षर जमलं नाही, ते म्हणजे ण. मिठागरावरच्या ज्या वस्तीत तो वाढला, तिथे सगळेच पानी पीत, लोनी खात, आणि कुणाचं काही अडत नसे. अडलं ते लग्नानंतर. बायको मिळाली गिरीज गावची मार्था, मराठीची शिक्षिका, तीही हाडाची. तिच्या वाडीत घरजावई म्हणून राहायचं म्हणजे रोजची परीक्षा.

"जीभ मागे वळवा, टाळूला लावा," ती सांगायची.

"पानी म्हटल्यानं तहान भागत न्हाय काय?" हा विचारायचा.

चाळीस वर्षं हा खटला चालला. निकाल लागू नये असंच दोघांना वाटत असावं.

मूलबाळ नव्हतं. क्लेमेंटची नजर अधू झाली, तेव्हापासून मार्था त्याला दुपारी कादंबरी वाचून दाखवू लागली. 'चिंचेखालची खूण', तीन जाडजूड भाग. त्यातली बायजा चिंचेखाली आईचे दागिने पुरते, वर दगडाची खूण ठेवते आणि घर सोडते. दोन भाग संपले तरी पोरीचा पत्ता नाही. दुसरा भाग मिटताना मार्थाने अट घातली, "आधी 'खूण' नीट म्हणा. मगच तिसरा भाग."

"खून," तो मुद्दाम म्हणाला.

ती हसली. हा आठवडाभर हट्टाला पेटून बसला, आणि नवव्या दिवशी मार्था अंगणात कोसळली ती उठलीच नाही.

नंतर घरात कुणी वाचलं नाही, कुणी चूक काढली नाही. आपली चूक काढणारं माणूस नसणं किती वाईट, हे क्लेमेंटला पंधरा महिने रोज कळत होतं.

मार्थाची भाची ब्रेंडा एका रविवारी उमेळ्याहून आली आणि फोनवर पुस्तकं ऐकायची सोय करून देऊन गेली. बटण दाबून धरायचं, नाव सांगायचं. ती गेल्यावर क्लेमेंटने बटण दाबलं. "चिंचेखालची खून."

फोनने इमानेइतबारे एक खुनाची गोष्ट लावून दिली. आता येईल, मग येईल, अशी बायजाची वाट पाहत त्याने ती चार तास ऐकली. तिसरं प्रेत सापडल्यावर त्याला शंका आली. पुन्हा नाव सांगितलं, तर दुसरा खून. पुढच्या रविवारी ब्रेंडा पोट धरून हसली.

"अंकल, द्या इकडे, मी टाइप करते. दोन सेकंदाचं काम."

"नको. मीच सांगीन त्याला."

म्हातारा हट्टी आहे, असं तिला वाटलं. होताच. पण अट मार्थाची होती, आणि ती अजून पुरी व्हायची होती.

संध्याकाळी तो मार्थासाठी रोझरी करायचा, म्हणजे माळेचे मणी ओढत प्रार्थना. त्रेपन्न वेळा 'नमो मारिया', आणि दर वेळी त्यात 'पूर्ण'. आजवर तो 'पूर्न' म्हणत आला, देवमातेने कधी तक्रार केली नव्हती. आता तो त्या शब्दापाशी थांबू लागला. र म्हणताना जीभ वर जाते, तिला खाली येऊ द्यायचं नाही, तिथूनच मागे वळवायची. चुकलं की तोच मणी पुन्हा. रोझरी अर्ध्या तासाची दीड तासावर गेली. 'पूर्ण' जमलं. मग केळींना शिंपताना 'पाणी' जमलं. पंधराव्या दिवशी दुपारी तो ओट्यावर मार्थाच्या खुर्चीसमोर बसला आणि बटण दाबून म्हणाला, "चिंचेखालची खूण. भाग तिसरा."

 फोनमधून एका बाईचा आवाज आला.

"बायजा परत आली, तेव्हा चिंच तोडलेली होती. खूण होती, पण ती ओळखणारं कुणी उरलं नव्हतं."

बाईचा ण ठणठणीत होता, थेट मार्थासारखा.  पंधरा दिवसांचं तर काम होतं. चाळीस वर्षांत तेवढं त्याने तिच्यासाठी केलं नव्हतं.

"खूण," तो खुर्चीकडे तोंड करून म्हणाला. "खूण, मार्था. आता वाच."

फोनमधली बाई वाचतच राहिली.